तीस वजा, उरतील त्याचे निम्मे

वहिनी : नाक दाबू नका, भाऊजी. बादली नीट धरा. अजून एक फोडते.

भाऊजी : नका हो वहिनी! शी!

वहिनी : हे बघा, पिल्लू अर्धं तयार होऊन आतच सडलंय. तीनशे अंडी, चोवीस दिवस, आणि एकाही कवचाला चीर नाही!

भाऊजी : अंडीच खराब असणार. साथीतून वाचलेल्या कोंबड्यांची अंडी, काय भरवसा?

वहिनी : कोंबड्यांवर ढकलू नका. साथीत निम्मं खुराडं रिकामं झालं, ते भरायला एवढीच अंडी होती आपल्याकडे. उबवणीचं मशीन किती अंशांवर ठेवलं होतंत?

भाऊजी : पुस्तकात आहे तेवढ्यावरच. साडेनव्याण्णव.

वहिनी : पुस्तकात फॅरनहाइट आहे. मशीनवर सेल्सियस.

भाऊजी : मग केलं की तोंडी! तीस वजा करायचे, उरतील त्याचे निम्मे. पावणेपस्तीस. बोटीवर वीस वर्षं हाच हिशेब...

वहिनी : बोटीवर स्वेटर घालायचा की नाही, एवढंच ठरवायचं असतं! इथं अडीच-तीन अंशांत जीव जातो. बत्तीस वजा, गुणिले पाच, भागिले नऊ. साडेसदतीस येतात. कागदावर करून दिलं होतं तुम्हाला.

भाऊजी : मला नाही आठवत.

वहिनी : मला आठवतं. ‘वहिनींची शाळा भरली’ म्हणालात, आणि हेही हसले. मशीन डगडगत होतं, तर तोच कागद घडी करून पायाखाली सरकवलात. अजून तिथेच आहे. वर मशीनला कुलूप घातलंत, मी हात लावू नये म्हणून.

भाऊजी : बरं, झालं ते झालं. दादाला सांगू, वीज गेली होती.

वहिनी : शी! या बादलीपेक्षा तुमच्या बोलण्याचीच किळस येते मला.

(मागच्या खोलीतून चिवचिव ऐकू येते.)

भाऊजी : हे... हे काय?

वहिनी : त्याच टोपलीतली अकरा अंडी मी खुडूक कोंबडीखाली ठेवली होती. तिला ना पुस्तक वाचता येतं, ना वजाबाकी. दहा पिल्लं निघाली. यांनी सकाळीच बघितली.

भाऊजी : दादानं? काय म्हणाला?

वहिनी : काही नाही. तुमच्याकडून मशीनची किल्ली मागून घे, म्हणाले.