वगळलेलं शहर

मंडळी, एक साधा प्रश्न विचारतो, पण उत्तराची घाई करू नका. आपल्या माणसाला आनंद द्यायचा झाला, तर सगळ्यात आधी काय द्यावं?

काय म्हणालात आजी? पुरणपोळी? वा! कीर्तन संपलं की तुमचा पत्ता देऊन ठेवा! मागून कोण बोललं — पैठणी? ताई, तुम्ही पैठणी म्हणालात आणि पुरुषांच्या बाजूला एका गृहस्थांनी मान खाली घातली, मी बघितलं बरं!

असू द्या. मघाशी पूर्वरंगात आपण नैवेद्याचा विषय घेतला होता. छप्पन्न पक्वान्नं मांडली, केळीचं पान, भोवती रांगोळी — आणि तुळशीचं पान ठेवायला विसरलात. पोचतो का नैवेद्य? नाही पोचत! पक्वान्नांत खोट असते का? मुळीच नाही. खोट असते त्या वगळलेल्या एका पानात. आता याच गोष्टीवर आख्यान सांगतो. पुराणातलं नाही हं, आपल्या गावभागातल्या एका माणसाचं. नावं बदलली आहेत, तेव्हा माना वळवून शोधू नका.

तर ऐका. आपल्या सांगलीचा हेमंत देवस्थळी. इथेच शिकला, इंजिनिअर झाला आणि इंग्लंडात लीड्स नावाच्या गावी स्थायिक झाला. मनानं चांगला हो! संसाराला वाघ. पण स्वभाव कसा? सगळं ठरवून करणारा. भाजीला गेला तरी पिशव्यांचा क्रम लावून जाणारा. आणि रागीट? रोज नाही. पण एकदा बोलला की बोलला — बाण सुटला, आता तो कुठे लागला हे बघायला जायचं नाही.

त्याची बायको चारुशीला. सगळे चारू म्हणतात. माहेर वेंगुर्ल्याचं, रेग्यांची मुलगी. मूळची गाणारी, बोलकी. आणि तिचा पन्नासावा वाढदिवस आला! दिवाळीला लागूनच, शनिवारी. हेमंतनं मनात ठरवलं — हिनं जन्मभर आपल्यासाठी केलं, आता हिला एक धक्का द्यायचा. सुखाचा धक्का! शुक्रवारी विमानात बसायचं, दोन दिवस युरोपातल्या एखाद्या सुंदर शहरात राहायचं, रविवारी परत. आणि कुठे जायचं ते तिला विमानतळावर पोचेपर्यंत सांगायचं नाही!

तुम्ही म्हणाल, बुवा, दोन दिवसांसाठी परदेश? अहो, ते लोक परदेशातच राहतात! आपण नरसोबाच्या वाडीला जाऊन येतो, तसे ते पॅरिसला जाऊन येतात. फरक एवढाच, की परत येताना त्यांच्या पिशवीत पेढे नसतात!

आता शहर कोणतं? इथे घोडं अडलं. चारूला विचारता येईना, म्हणून त्यानं बाकी सगळ्यांना विचारलं. तिकडच्या मराठी मंडळात एक ढवळेकाका आहेत. प्रत्येक मंडळात एक असतात! सगळं जग फिरलेले, आणि फिरलेलं सगळं सांगणारे. ते म्हणाले, "पॅरिस! डोळे मिटून पॅरिस!" अहो काका, डोळे मिटूनच बघायचं तर तिकीट कशाला काढायचं? मुलगी रेवती, शिकायला दुसऱ्या गावी असते, ती फोनवर म्हणाली, "बाबा, बार्सिलोना." हेमंतला स्वतःला वाटत होतं व्हिएन्ना. आखीव रस्ते, वेळेवर गाड्या. आता सांगा, वाढदिवस कोणाचा? चारूचा! आणि जो तो काय सांगत होता? आपापल्या आवडीचं! पाहुण्याला आग्रह करकरून वाढायचं, आणि वाढायचं काय, तर आपल्याला आवडतं ते कारलं!

शेवटी ढवळेकाका म्हणाले, "हे बघा, गर्दी नको असेल तर लिस्बन. पोर्तुगालची राजधानी. टेकड्या, पिवळ्या ट्राम, नदी थेट समुद्राला मिळते, मासे काय सुरेख! वहिनी वेंगुर्ल्याच्या ना? जीव रमेल त्यांचा."

हेमंत पटकन म्हणाला, "लिस्बन सोडून बोला."

का, मंडळी? सगळी पक्वान्नं चालतात, मग हे एकच पान का वगळायचं?

कारण लिस्बनला राहतो मंगेश. चारूचा धाकटा भाऊ. पाठोपाठचा, एकुलता एक. आणि या भावाचं नाव हेमंतच्या घरात कित्येक वर्षांत कोणी घेतलं नव्हतं.

झालं होतं असं. लीड्सला नवं घर घेतलं, वास्तुशांत झाली, पंगत बसली. मंगेश मुद्दाम लिस्बनहून आला होता. मालवणी पट्ट्यातला माणूस, जिभेला हाड नाही! जेवता जेवता हसत हसत म्हणाला, "भावोजी, ताईनं तुमच्यासाठी कोकण सोडलं, बँकेतली नोकरी सोडली, गाणं सोडलं. तुम्ही तिच्यासाठी काय सोडलंत हो?"

पंगत हसली. थट्टाच होती ती! पण मंडळी, थट्टा कधी झोंबते? तिच्यात खरं असतं तेव्हा! हेमंतच्या हातात वरणाचं भांडं होतं. ते त्यानं खाली ठेवलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "तोंड सांभाळता येत नसेल तर चालता हो. आणि चारू, याचं नाव या घरात पुन्हा निघता कामा नये."

मंगेश उठला. भरल्या ताटावरून उठला! आपल्याकडे वैऱ्यालासुद्धा भरल्या ताटावरून उठवत नाहीत. आणि हा तर बायकोचा भाऊ, तोही वास्तुशांतीच्या दिवशी! चारूनं ते ताट उचललं, आत नेलं. त्या दिवसापासून मंगेशचं नाव तिच्या तोंडातून आलं नाही. मंगेशलाही मान होता, त्यानंही फोन केला नाही. आणि हेमंत? महिन्याभरात त्याचा राग उतरला. वर्षभरात तो प्रसंगही मागे पडला. त्याला वाटलं, मी विसरलो म्हणजे विषय संपला.

इथे जरा थांबतो. पेटीवाले, सूर धरून ठेवा.

राग कोणाचा संपतो हो? ज्यानं केला त्याचा! तो जेवतो, झोपतो, मोकळा होतो. पण त्यानं रागात दिलेला शब्द दुसऱ्याच्या घशात अडकून असतो, त्याचं काय?

असो. लिस्बन वगळलं. पॅरिस ठरलं. तिकिटं आली. हेमंत चारूला म्हणाला, "शुक्रवारपासून तीन दिवस मोकळे ठेव. बाहेर जायचंय. कुठे ते विचारू नकोस."

चारूचा चेहरा खुलला. पण लगेच म्हणाली, "शनिवारी संध्याकाळी घरी असू ना आपण?"

"छे! रविवारी परत."

"बरं," ती म्हणाली. एवढंच. हेमंतला वाटलं, कुंड्यांची काळजी असेल. शेजारणीला पाणी घालायला सांगू. बघा, माणूस किती हुशार असतो! उत्तर चुकलेलं, पण तयारी चोख!

आता चारूची बॅग गुपचूप भरायची होती. त्यासाठी रेवती घरी आली. आई बाहेर गेलेली, बापलेक कपाटासमोर. शाल ठेवली, औषधं ठेवली. रेवती देवघरातून चांदीचं छोटं निरांजन घेऊन आली. "बाबा, हे कशात गुंडाळू?"

"निरांजन? पॅरिसला? कशाला?"

"शनिवारी भाऊबीज आहे ना. आईला लागेल, चंद्राला ओवाळायला."

"अगं, एखाद वर्षी नाही ओवाळलं तर काय बिघडतं? सगळ्याच बायका ओवाळतात चंद्राला."

रेवती त्याच्याकडे बघतच राहिली. "नाही रे बाबा. ज्यांचा भाऊ जवळ नसतो, त्या चंद्राला भाऊ मानून ओवाळतात. वेंगुर्ल्याच्या आजीनं मला लहानपणीच सांगितलंय. तुला खरंच माहीत नव्हतं?"

मंडळी, हेमंत पलंगावर बसला. निरांजन हातात घेऊन बसला.

त्याला आठवलं. दरवर्षी दिवाळीत एका संध्याकाळी चारू मागच्या गॅलरीत जायची. बीजेचा चंद्र, नखाएवढा! आणि तो लीड्सच्या आभाळात! कधी दिसायचा, बहुतेक वेळा ढगच. चंद्र कुठे आहे तेही कळायचं नाही, तरी ती त्या दिशेला ताम्हन धरून ओवाळायची. वाऱ्यानं ज्योत विझायची, ती पुन्हा लावायची. आणि आतून हेमंत काय म्हणायचा? "चारू, थंडी येतेय, दार लाव!"

ती दार लावायची. दर वर्षी लावायची!

अरे, जिचा भाऊ जिवंत आहे, विमानानं काही तासांच्या अंतरावर आहे, ती ढगाला ओवाळते! आणि नवरा तिला पॅरिस दाखवायला निघालाय!

हेमंतला रडू आलं. मुलीसमोर आलं. त्यानं पुसलंही नाही. त्याच दुपारी त्यानं पॅरिस रद्द केलं आणि लिस्बनला फोन लावला. चारदा नंबर काढला, तीनदा ठेवून दिला. देवळाची पायरी चढणं सोपं असतं मंडळी, ज्याला दुखावलं त्याचं दार वाजवणं फार अवघड!

"मी हेमंत बोलतोय."

पलीकडे खुर्ची सरकली. मग मंगेशचा आवाज, घाबरलेला — "ताई बरी आहे ना?"

बघा! इतक्या वर्षांनी पहिला प्रश्न कोणता? भांडणाचा नाही, मानाचा नाही!

"बरी आहे रे. मंगेश, त्या दिवशी तू विचारलंस, ताईसाठी मी काय सोडलं. काहीच सोडलं नव्हतं. म्हणून तर इतकं लागलं. मी तुला भरल्या ताटावरून उठवलं. आता तुझ्या घरी येऊन, माझ्या हातानं तुला वाढायचं म्हणतो. येऊ का?"

मंगेशनं नाक ओढल्याचं ऐकू आलं. मग म्हणाला, "भावोजी, बांगडे चालतील ना? की अजून वरणभातच?"

कोकणी माणूस! डोळ्यांत पाणी आणि जिभेवर बांगडा!

शुक्रवार उजाडला. मँचेस्टरचा विमानतळ. चारू नवी साडी नेसून, बॅग घेऊन, कौतुकानं नवऱ्यामागून चाललेली. विमानात सोडतात त्या दाराशी पोचले आणि तिनं वरची पाटी वाचली. लिस्बन!

हेमंतला वाटलं, आता ही आनंदानं उडी मारेल. चारूनं बॅग खाली ठेवली.

"मी येणार नाही."

"अगं, पण ऐक—"

"तुम्ही विसरलात ना, तिथे कोण राहतं?" आवाज बारीक, पण ठाम. "त्या गावात उतरायचं, ट्राम बघायच्या, फोटो काढायचे आणि त्याच्या दारावरून परत यायचं? नाही जमणार मला. त्यापेक्षा घरी जाते."

"चारू, तू कधी त्याला फोनसुद्धा केला नाहीस?"

"तुमच्या पाठीमागून? चोरून भेटायला तो काय चोर आहे?" ती म्हणाली. "मी वाट बघत होते. कधीतरी तुम्हीच म्हणाल म्हणून."

"मग त्याचं नाव घे आता. मी सांगतो, घे."

चारूनं मान हलवली. "तुम्ही बंद केलंय ते. मी कशी उघडू?"

मंडळी, माणसं रांगेत उभी, विमानाची वेळ झालेली, आणि हा पन्नाशी उलटलेला इंजिनिअर, सगळं ठरवून करणारा, त्याला पुढचा शब्द सुचेना! शेवटी त्यानं तिचा हात धरला आणि म्हणाला,

"मंगेश."

पुन्हा म्हणाला, "मंगेश येणार आहे आपल्याला न्यायला. उद्या भाऊबीज आहे. बॅगेत निरांजन आहे."

चारू तिथेच रडली. रांगेतल्या एका गोऱ्या बाईनं तिला रुमाल दिला. तिला काय कळलं असेल कोण जाणे, पण रडण्याला भाषा लागत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लिस्बनच्या टेकडीवर मंगेशच्या घरी पाट मांडला. पाट कुठला, लाकडी पेटी उलटी केली! तूप नव्हतं, जैतुणाच्या, म्हणजे ऑलिव्हच्या, तेलात वात भिजवली. चारूनं भावाला ओवाळलं. ताम्हनात काय घालावं ते मंगेशला सुचेना. त्यानं आपला हातच त्यात ठेवला. मग पानं मांडली, आणि हेमंतनं मंगेशला वाढलं. वरणाचं भांडं त्याच्याच हातात होतं. या वेळी ते रिकामं झाल्यावरच खाली ठेवलं!

पानं मांडायच्या आधी चारू एकदा गॅलरीत गेली होती. आभाळ मोकळं होतं, समुद्राकडे बीजेची कोर दिसत होती. ती पुन्हा ओवाळायला लागली. मंगेश म्हणाला, "ताई, आता त्याला कशाला? मी आहे ना!"

"तू नव्हतास तेव्हा तो होता," चारू म्हणाली. "त्याला कसं टाकू?"

हेमंत उठून तिच्याशेजारी जाऊन उभा राहिला. वारा येत होता. दार उघडंच राहू दिलं त्यानं.

"चारू," तो हळूच म्हणाला, "वाढदिवसाचं काय हवं तुला?"

"अगंबाई!" ती म्हणाली. "आज माझा वाढदिवस आहे होय?"

मंडळी, मिळालं उत्तर? आपल्या माणसाला आधी काय द्यावं? आपण त्याच्याकडून जे काढून घेतलं, ते आधी परत द्यावं! मग पैठणी द्या, पुरणपोळी द्या, पॅरिस दाखवा. ते कुठे पळून जात नाही.

आता आरती होईल. त्याआधी एकच विचारतो, हात वर करू नका. तुमच्या घरात असं एखादं नाव आहे का, जे निघत नाही? ज्याचा विषय आला की कोणीतरी उठून पाणी प्यायला जातं? बघा, सभामंडप किती शांत झाला!

मी रोज या पाटावर उभा राहून सांगतो — नाम घ्या, नाम घ्या. आज तेच सांगतो, पण क्रम बदलून. घरी जा. दिवा लावा. आणि तुम्ही बंद केलेलं ते नाव, तुमच्याच तोंडानं, घरच्यांना ऐकू जाईल असं एकदा घ्या. देवाचं नाव त्यानंतर. तो थांबेल. त्याला सवय आहे.