जोडीच्या कार्डावरचं दुसरं नाव

(लास व्हेगसच्या पूर्वेकडचं नगरपालिकेचं गोल्फ मैदान. ऑक्टोबरातला मंगळवार, सकाळचे सात. थंडीचं गवत पेरण्यासाठी तीन आठवडे बंद असलेलं मैदान कालच उघडलंय. पैसे घ्यायच्या खिडकीत डेल्फिनो. बाहेर वेर्ला : तीस वर्षं कसिनोत पत्ते वाटले, निवृत्त झाली, आणि त्यानंतरच्या बारा वर्षांत गोल्फचे पुरते पैसे म्हणून कुठे कधी दिले नाहीत.)

वेर्ला : पुन्हा बघ. चष्मा लाव आणि पुन्हा बघ.

डेल्फिनो : वेर्लाबाई, चष्मा नाकावरच आहे. तीनदा बघून झालं. अर्लीनबाईंचं जोडीचं सवलतीचं कार्ड आहे, यंदाचं नवं आहे. पण त्यावर दुसरं नाव तुमचं नाही.

वेर्ला : बारा वर्षं माझंच आहे.

डेल्फिनो : होतं.

वेर्ला : दर ऑक्टोबरात आम्ही दोघी येऊन नवं करतो. या वेळी मी म्हटलं, तू पुढे जा, माझा गुडघा दुखतोय, मी काही रांगेत उभी राहत नाही. एवढंच. तेवढ्यात नाव उडालं?

डेल्फिनो : उडत नाही बाई. कार्ड करणारा सांगेल ते नाव मी घालतो. त्यांनी सांगितलं, मी घातलं.

वेर्ला : कुणाचं?

डेल्फिनो : ते मी कसं सांगू? लोकांच्या कार्डावर काय आहे ते असं खिडकीतून...

वेर्ला : मागच्या वर्षी तुझ्या तिन्ही मेहुण्यांना त्या बड्या रिसॉर्टच्या मैदानावर वीस डॉलरात खेळवलं कुणी?

डेल्फिनो : तुम्ही.

वेर्ला : ते कसं जमलं?

डेल्फिनो : हिरवळीला भोकं पाडून वाळू भरतात त्या आठवड्यात. चेंडू नीट लोळत नाही, पाहुणे पाठ फिरवतात, मग भाव पडतो. तो आठवडा नेमका कुठला, ते तुम्ही सांगितलंत.

वेर्ला : फुकट सांगितलं. आता तू नाव सांग.

डेल्फिनो : टोर्गर्सन. लायल टोर्गर्सन.

वेर्ला : तो मिनेसोटाचा? कंबरेला पांढरा पट्टा लावून फिरतो तो?

डेल्फिनो : माणूस चांगला आहे हो. सगळ्यांना नमस्कार करतो.

वेर्ला : करेल नाही तर काय. येऊन आठ महिने झाले. त्याला काय माहीत होतं या गावातलं? पहिल्या महिन्यात स्ट्रिपच्या, त्या बड्या कसिनोंच्या रस्त्याच्या, मागच्या मैदानावर तीनशे डॉलर मोजून आला आणि वर सांगत होता, बग्गीत थंड टॉवेल मिळाला.

डेल्फिनो : आता तसं नाही. आता त्यांच्याकडे यादी आहे.

वेर्ला : कसली यादी?

डेल्फिनो : कुठल्या मैदानावर किती वाजल्यानंतर भाव उतरतो, कुठे गावातल्या माणसाला ओळखपत्रावर सूट, कुठे आदल्या रात्री रद्द झालेल्या वेळा सकाळी अर्ध्या किमतीत काढतात. सगळं छापून प्लास्टिकमध्ये घातलंय. पिशवीला लटकवलेली असते. मीसुद्धा एक प्रत घेतली.

वेर्ला : दाखव.

डेल्फिनो : ही बघा.

वेर्ला : ...हे माझं आहे.

डेल्फिनो : म्हणजे?

वेर्ला : हे सगळं माझं आहे, डेल्फिनो. हे तीन नंबरचं, 'जुलैत दुपारी बारानंतर बग्गीसकट पंधरा, बर्फ आपला आणावा', हे मी एकशे बारा फॅरनहाइटच्या उन्हात फिरून शोधलंय. चक्कर येऊन नवव्या झेंड्याखाली पडले होते मी त्या दिवशी. आणि हा त्याला प्लास्टिक लावून पिशवीला लटकवतो. आयत्या बिळावर नागोबा.

डेल्फिनो : त्यांना कुणी सांगितलं असेल?

वेर्ला : कुणी म्हणजे? हे जगात दोघींना माहीत होतं. त्यातली एक मी.

डेल्फिनो : बाई, जरा हळू. अर्लीनबाई आल्याच बघा. लायलसाहेब तिकडे बग्गीला पिशव्या बांधतायत.

वेर्ला : दोन पिशव्या. तिचीही तोच बांधतोय. बारा वर्षं मी बांधली, आणि तिला माझी गाठ कधी पसंत पडली नाही.

अर्लीन : वेर्ला. आज लवकर आलीस.

वेर्ला : मी नेहमीच्याच वेळेला आलेय. मंगळवार आहे ना? का मंगळवारही त्याला देऊन टाकलास?

अर्लीन : कळलं तर तुला.

वेर्ला : खिडकीतून कळलं. काउंटरपाशी उभी राहून, हातात बावीस डॉलर धरून. तुझ्या तोंडून कळलं असतं तर काय बिघडलं असतं?

अर्लीन : काही नसतं बिघडलं. मलाही तुझ्या तोंडून एक गोष्ट कळायला हवी होती. पूर्ण सप्टेंबर वाट बघितली.

वेर्ला : कुठली गोष्ट?

अर्लीन : गुडघा कसा आहे?

वेर्ला : बरा आहे. गुडघ्याचं काय मध्येच?

अर्लीन : दर गुरुवारी पहाटे मालीशवाल्याकडे जातेस ना?

वेर्ला : जाते.

अर्लीन : पहरम्पला? डोंगर ओलांडून तासभर गाडी हाकत मालीशला जातेस?

डेल्फिनो : मी जरा आत जाऊन कॉफी बघतो.

वेर्ला : तू हलू नकोस. अर्लीन, तुला पहरम्पचं कुणी सांगितलं?

अर्लीन : कुणी नाही. माझी चुलतबहीण तिथे राहते. तिला पिस्ते द्यायला गेले होते. रस्त्याकडेला नऊ झेंड्यांचं छोटं मैदान दिसलं, आणि बाहेर तुझी गाडी. मला वाटलं बिघडली. आत गेले. खिडकीवर त्या दिवसाची पाटी लावली होती. पाच पन्नासची वेळ. वेर्ला आणि इनेझ. पुढच्या गुरुवारी पुन्हा गेले. वेर्ला आणि इनेझ. तिसऱ्या गुरुवारी नुसतं गाडीतूनच बघितलं.

वेर्ला : तीनदा गेलीस? पिस्ते तरी किती खाते तुझी बहीण?

अर्लीन : हसण्यावारी नेऊ नकोस. मी त्या पाटीपाशी उभी राहिले तेव्हा माझ्या जिवाचं काय झालं ते तुला नाही कळायचं. नवरा दुसरीबरोबर गेला तेव्हासुद्धा मी कुणावर जळले नाही. त्या इनेझवर जळले. तिचं तोंडही बघितलेलं नाही मी.

वेर्ला : अगं, इनेझ कोण आहे?

अर्लीन : ते तू सांग.

वेर्ला : मला तरी कुठे माहीत? पोस्टात होती, एवढं माहीत आहे. आणि तोंड बंद ठेवते. मी एकटी जायचे. एकट्या माणसाला कोण एकटं सोडतं? डेल्फिनो, सांग हिला. एकटं माणूस आलं की तुम्ही काय करता?

डेल्फिनो : दुसऱ्या एकट्याला जोडून देतो. दोन एकटे म्हणजे एक वेळ. सगळीकडे तसंच आहे, अर्लीनबाई. विचारतसुद्धा नाही आम्ही.

वेर्ला : ऐकलंस? बारा वर्षं खेळतेस आणि पाटीवरची दोन नावं बघून तुला जोडी वाटली? असली चूक तो मिनेसोटावालाही करणार नाही.

अर्लीन : दोन्ही वेळा पाटीवर तेच नाव होतं.

वेर्ला : कारण तीही एकटी आणि तीही पहाटेची. स्वस्तात खेळायचं तर पहाटेच यावं लागतं.

अर्लीन : किती पडतात तिथे?

वेर्ला : आता ते कशाला?

अर्लीन : किती?

वेर्ला : नऊ डॉलर.

डेल्फिनो : नऊ?

वेर्ला : तू कॉफी बघायला जाणार होतास ना?

अर्लीन : नऊ डॉलरचं मैदान सापडलं, आणि मला नाही सांगितलंस. बाई असो नसो, ते जाऊ दे. हे मला जास्त लागलं. बारा वर्षांत तुला काही स्वस्त सापडलं की रात्री अकराला फोन करून उठवायचीस. आणि हे लपवलंस.

वेर्ला : तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणून. हेंडरसनचं मैदान आठवतं? अठरा डॉलरात खेळत होतो. तू चर्चमध्ये सांगितलंस. पुढच्या महिन्यात तिथे रांग लागली आणि भाव झाला चाळीस. आणि आता ही यादी. माझं सगळं उचलून त्या लायलला दिलंस. ते प्लास्टिक बघून माझ्या अंगाची लाही झाली.

अर्लीन : मी दिली ती रागानं. सप्टेंबरात. तो बागेत भेटला, म्हणाला इथे सगळंच महाग आहे. मी म्हटलं बसा, लिहून घ्या. एकेक सांगत गेले आणि बरं वाटत गेलं. घरी येऊन रडले.

वेर्ला : आणि नाव?

अर्लीन : तेही रागानं. रांगेत तो माझ्या मागेच उभा होता. डेल्फिनो म्हणाला, दुसरं नाव तेच ना? मी म्हटलं नाही. मागे वळले तर तो.

वेर्ला : त्याच्या जागी दुधवाला असता तर दुधवाल्याचं घातलं असतंस.

अर्लीन : घातलं असतं. पण एक विचारते. मी सांगत सुटते म्हणून लपवलंस, ते पटलं. मग मालीश कशाला? नुसतं म्हणायचंस, एकटीला फिरून यावंसं वाटतं. खोटं का बोललीस?

वेर्ला : ते सोड.

अर्लीन : नाही सोडत.

वेर्ला : डेल्फिनो ऐकतोय.

अर्लीन : ऐकू दे. मघाशी त्याला जाऊ दिलं नाहीस, आता भोग.

वेर्ला : ...सराव करत होते.

अर्लीन : कसला?

वेर्ला : कसला म्हणजे? फटक्याचा. पहाटे उठून, तासभर गाडी चालवून, एकाच झेंड्याकडे तीसतीस चेंडू मारत होते. तू बघू नयेस म्हणून. आपण एकाच दिवशी काठी हातात घेतली, एकाच मास्तरकडे. माझी काठी, माझे चेंडू, मैदान मी शोधलेलं, वेळ मी मिळवलेली. आणि तू उभी राहायचीस, हलकेच मारायचीस, आणि चेंडू सुतासारखा सरळ. बारा वर्षं. सहाशे मंगळवार. एकदाही मी जिंकले नाही तुझ्याशी.

अर्लीन : आपण कुठे मोजतो?

वेर्ला : तू नाही मोजत. जिंकणाऱ्याला मोजावं लागत नाही. मी मोजते. घरी जाऊन मोजते. तुझा फटका बसला की तो आवाज येतो ना, तो ऐकला की माझ्या पोटात दुखतं, अर्लीन. खरंच दुखतं. म्हणून स्वस्त मैदानं शोधायचे. म्हटलं, या एका गोष्टीत तरी हिला माझ्यावाचून चालू नये. आणि तीच तू त्याला बसून लिहून दिलीस.

अर्लीन : हे मला कधी बोलली नाहीस.

वेर्ला : काय बोलायचं? मी तुझ्यावर जळते, चल, मंगळवारी भेटू?

अर्लीन : जमला का?

वेर्ला : काय?

अर्लीन : फटका.

वेर्ला : नाही. इनेझ म्हणते, मारताना खांदा लवकर फिरतोय.

अर्लीन : खांदा नाही. तू चेंडू जायच्या आधीच बघायला लागतेस कुठे गेला ते. मी दहा वर्षांपूर्वीच सांगणार होते.

वेर्ला : मग का नाही सांगितलंस?

अर्लीन : तू सुधारली असतीस.

डेल्फिनो : अर्लीनबाई, सात वाजून दहा मिनिटं झाली. तुमची वेळ सव्वासातची आहे.

अर्लीन : डेल्फिनो, ते नाव बदल.

डेल्फिनो : आता नाही बदलत. एकदा छापलं की पुढच्या ऑक्टोबरापर्यंत तेच. नियमच आहे. नाहीतर लोक रोज नवी जोडी आणतील.

अर्लीन : मी वरच्या साहेबांशी बोलते.

डेल्फिनो : साहेबांनी स्वतःच्या बायकोचं नाही बदललं, बाई. मागच्या वर्षी घटस्फोट झाला, तरी वर्षभर दर शनिवारी दोघं मिळून खेळले.

वेर्ला : राहू दे. माझ्यासाठी कुणाचे पाय धरू नकोस.

अर्लीन : मी लायलला सांगते, आज तू घरी जा.

वेर्ला : आणि कार्ड? दोघं बरोबर असाल तरच बावीस. तो गेला की तुलाही पुरते पैसे.

डेल्फिनो : वेर्लाबाई, ऐका. दोन वाजल्यानंतर या. दुपारचा भाव, अठ्ठावीस. मैदान मोकळं असतं. मी तुम्हाला पुढची वेळ काढून देतो, कुणाला जोडणार नाही. एकट्याच खेळा. सरावही होईल.

वेर्ला : आणि आत्ता?

डेल्फिनो : आत्ता कशाला? आत्ता एकटीचा पुरता भाव आहे. एकोणसाठ. तुम्ही काही देणार नाही.

वेर्ला : सव्वासातच्या वेळेत जागा किती?

डेल्फिनो : चारची असते. दोघं आहेत. पण बाई, त्यांच्यामागे तिसरी म्हणून जोडावं लागेल. आणि तो पांढरा पट्टा चार तास समोर.

अर्लीन : वेर्ला, वेडेपणा करू नकोस. एकोणसाठ डॉलर. मी पुढच्या मंगळवारी काहीतरी करते. पहरम्पला जाऊ आपण दोघी, कुणाला सांगत नाही मी.

वेर्ला : लायल बग्गी चालवणार आहे?

अर्लीन : हो.

वेर्ला : आणि तू त्याच्या शेजारी.

अर्लीन : बग्गीत दोनच जागा असतात.

वेर्ला : मी चालेन.

अर्लीन : अठरा झेंडे? त्या गुडघ्यानं?

वेर्ला : गुडघा ठणठणीत आहे. आत्ताच कबूल केलं ना. डेल्फिनो, घे हे पैसे.

डेल्फिनो : हे... एकोणसाठ आहेत बाई.

वेर्ला : मला मोजता येतात. पाटी इकडे कर. काय लिहिलंयस? अर्लीन, लायल. आणि मला कुठे घालतोयस?

डेल्फिनो : शेवटी. तिसरी आलात, तिसऱ्या.

वेर्ला : खोड ते. माझं नाव तिच्या खाली लिही. त्याचं माझ्या खाली.