हुंकार बंद पडला आन् निळ्या अडकला

...आन् मलाच म्हणे गप्प बसा! मला! अहो, मी काय भांडत होते का कोणाशी? नुसता हुंकार देत होते. तुम्हाला सांगते, आमच्या रावेरकडे माझा बाप गोष्ट सांगायला बसला की आधी विचारायचा, "हुंकार कोण देईल?" कोणी नसलं तर तोंडच उघडायचा नाही. सांगणाऱ्यानं सांगायचं आन् ऐकणाऱ्यानं हूं, हूं म्हणत गोष्ट पुढं ढकलायची, असं असतं ते! हुंकार थांबला की गोष्टीतली माणसं जिथल्या तिथं उभी राहतात बिचारी. आता गोष्टीला हुंकार पाहिजे का नको, तुम्हीच सांगा!

माझी नात आहे ना, ऋतिका, लहानपणी काय हुंकार द्यायची! झोप लागली तरी ओठ हूं करायचे. आता ती देवपूरच्या कॉलेजात जाते, घरी आली की कानावर हे एवढाले हेडफोन, टीव्हीवर गेम, आन् कोणाला तरी ओरडते, "मागून ये ना, मागून! मार त्याला!" मी म्हणते, कोणाला मारून राहिली गं? तर म्हणे, "आजी, थांब ना, लेव्हल चालू आहे." थांबले बाई. माझ्या गोष्टीतली एक राजकन्या तेव्हापासून विहिरीच्या पायरीवर उभी आहे, एक पाय वर, एक पाय खाली. पाय भरून आले असतील पोरीचे... पण नेऊ कुठं तिला? हुंकार नाही!

तर झालं काय, त्या निळ्याचा पिक्चर लागला. नाव त्याचं इंग्रजी आहे, मी निळ्याच म्हणते, अंगाला घट्ट निळे कपडे आन् उडतो. ऋतिकाची मैत्रीण रूपाली तापानं पडली, तिकीट वाया जात होतं, म्हणून माझा नंबर लागला. मी मनात म्हटलं, चला, शेजारी बसू, एकच गोष्ट दोघी ऐकू... किती दिवसांनी!

आत गेले तर काय सांगू तुम्हाला! बाहेर धुळ्याचं ऊन आन् आत अशी गार सावली, जशी केळीच्या बागेत दुपारी असते, पानांखाली, पाटाचं पाणी पायावरून जातं तेव्हा. खुर्ची तर अशी मऊ की मी बसले का तरंगले तेच कळेना. अंधारात उजेडाचा एक पट्टा डोक्यावरून गेला आन् त्यात धूळ अशी हळूहळू उडत होती, वाटलं हीच धूळ पुढं जाऊन माणसं होते. आन् मग आला निळ्या! ढगांतून आला, रात्रीच्या शहरावरून, खाली दिवेच दिवे, कोणी ज्वारी वाळत घातल्यासारखे. तो म्हणाला, "मी या शहराला सोडणार नाही." हिंदीत म्हणाला. आन् थांबला. अहो, थांबला म्हणजे काय? हुंकारासाठीच ना?

"हूं!" मी म्हटलं.

पुढच्या खुर्चीवरचा दाढीवाला वळला. छातीवर निळ्याच छापलेला. "आजी, घोरताय का?"

"घोरत नाही रे दादा, हुंकार देऊन राहिले."

"पिक्चरला हुंकार नसतो आजी!"

"मग तो इतकं बोलून राहिला ते कोणाच्या भरवशावर?"

ऋतिकानं माझा हात दाबला. "आजी, प्लीज! सगळे बघताय." पण गोष्टीला हुंकार पाहिजे का नको, तुम्हीच सांगा! मी आपली हळू हळू देत राहिले. निळ्या उडाला, हूं. त्या काळ्या राक्षसानं पूल मोडला, हूं. निळ्यानं पूल पाठीवर धरला, हूं, हूं! तेवढ्यात तो दाढीवाला खुर्चीतून उठलाच. "अहो आजी, आता क्लायमॅक्स आहे, गप्प बसा हो, पाया पडतो!"

बसले गप्प. ओठ घट्ट मिटले, पदर तोंडात धरला. आन् काय झालं? राक्षसानं निळ्याला ढकललं, निळ्या पुलावरून सुटला, हात पसरून असा खाली... खाली... आन् थांबला! हवेत! दिवे लागले, लोक उठले, पिक्चर संपला!

मी त्या दाढीवाल्याला म्हटलं, "घे! बंद केला ना हुंकार? अडकला बघ!"

"आजी, तो पुढच्या भागात खाली येईल."

"आन् पुढचा भाग कधी?"

"दोन वर्षांनी."

दोन वर्षं! माणूस हवेत! अन्नपाणी काही? आन् जिन्यावर बठ्ठ्या, म्हणजे झाडून सगळ्या पोरांचं भांडण. एक म्हणे, "कॉमिकमध्ये तो मरतच नाही." दुसरा म्हणे, "पहिला भागच भारी होता, हा बोगस." तिसरा म्हणे, "गेममध्ये तो पंख उघडतो, इथं का नाही उघडले?" सगळ्यांना मतं आहेत हो, पण त्या लेकराला खाली उतरवायला कोणी तयार नाही!

गल्लीत आले तर शेजारची धुरपदाबाई दारातच, जाताना तिला सांगून गेले होते ना. "मंग अक्का, काय व्हयनं? तो मरना का व?" काय सांगू, मेला का जगला? जन्मभर गोष्टी सांगितल्या, अर्धी सांगून कोणाला घरी धाडलं नाही मी!

मग मीच ठरवलं, आपणच उतरवू. दुसऱ्या दिवशी दुपारी ऋतिका तिच्या गेमसमोर, मी बंगईवर, झोपाळ्याची कडी हळूहळू वाजत होती, डोळे अर्धे मिटलेले. मी सुरू केलं, "तर तो हिरवा माणूस पडला आपल्या पांझरा नदीत."

"निळा, आजी." हेडफोनच्या आतून आलं! ऐकू येत होतं म्हणजे!

"पण पांझरेला पाणी कुठं? गुडघाच फुटला त्याचा."

"अगं, तो परदेशात आहे! पांझरा कुठून आली?"

"मग वाऱ्यानं रावेरला आला उडत. केळीच्या पानांनी झेलला त्याला, एका पानावरून दुसऱ्या, दुसऱ्यावरून तिसऱ्या, असा झोके घेत, घडांना धक्का न लावता... खाली त्याची राक्षसीण बायको भाकरी घेऊन उभी."

"राक्षसीण कुठली? तो राक्षस होता, आणि निळ्याला बायकोच नाहीये आजी! तू पिक्चरमध्ये झोपली होतीस का?"

तुम्हाला म्हणून सांगते, मला बठ्ठं पाठ होतं. निळे कपडे, डाव्या खांद्यावर चांदणी, राक्षसाच्या हातातला तुटलेला साखळदंड, सगळं. पण मी चुकत गेले. मुद्दाम! दर चुकीला पोरगी बोलत होती हो!

शेवटी गेम बंद. हेडफोन काढून गळ्यात. धपकन माझ्या शेजारी बंगईवर. "थांब. तुला काहीच येत नाही. मी सांगते तो खाली कसा येणार ते. आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांचं मत वेगळं आहे, पण माझंच बरोबर आहे."

आन् सांगायला लागली. तारे काय, समुद्र काय, निळ्याची हरवलेली आई काय... बंगई हलते आहे, पोरगी हात पसरून निळ्या करून दाखवते आहे, आन् मधेच थांबली. माझ्याकडं बघत.

"आजी, ऐकतेस ना?"

आता काय करता? गोष्टीला हुंकार पाहिजे का नको?

रोज दुपारी बसते आता. राजकन्या तशीच पायरीवर, तिला म्हटलं, थांब बाई अजून थोडी. जन्मभर गोष्टी सांगितल्या, आन् म्हातारपणी हुंकार द्यायच्या कामाला लागले... हूं.