लाखेच्या तबकडीबाबत

जबाब, दिनांक १४ मार्च १९७५

मी चांगुणा आनंदराव ओव्हाळ, वय ४३ वर्षे, धर्म बौद्ध, शिक्षण सातवी, धंदा लाऊडस्पीकर भाड्याने देणे, राहणार दौंड, रेल्वेलाईनच्या पलीकडची वस्ती. समक्ष हजर होऊन विचारल्यावरून सांगते ते असे.

"ही लाख हाय, चांगुणा. वल्ल्या फडक्याबिगर हिला काय लावू नको." असे माझे पती १९५८ साली म्हणाले होते. याचा मयताशी काय संबंध, असे हवालदारसाहेबांनी विचारले, म्हणून खुलासा करते.

माझे पती आनंदराव यांची गायन पार्टी होती. १९५८ साली मुंबईस त्यांच्या आवाजाची एक तबकडी निघाली. एका बाजूस भीमगीत, दुसऱ्या बाजूस पाळणा. घरी दोन प्रती आल्या. एक आम्ही ठेवली, दुसरी पार्टीतील पेटीवाले साहेबराव, राहणार शिरूर, यांना दिली. पती दिनांक ११ मार्च १९६६ रोजी आजाराने वारले. त्यांचा आवाज दुसरीकडे कोठे नाही.

मयत जालिंदर हा माझा धाकटा दीर, वय २७ वर्षे. माझ्या लग्नाच्या वेळी तो दोन वर्षांचा होता. मला मूलबाळ नाही.

आमच्याकडे दोनशेच्या वर तबकड्या आहेत. लाकडी पेट्यांत खण पाडून त्या उभ्या ठेवतो. आडव्या रचल्या तर खालच्या वाकतात. लग्नात ज्या क्रमाने लागतात त्या क्रमाने ठेवतो. आधी सनई, मग हळदीची गाणी, वरातीची, शेवटी पाठवणीची. म्हणजे घाईत शोधावे लागत नाही. जुन्या तबकड्या लाखेच्या, त्यात दगडाची भुकटी आणि काजळी असते. त्या उन्हात मऊ पडतात आणि हातातून सुटल्या की फुटतात. नव्या प्लॅस्टिकच्या आहेत. पतीची तबकडी पेटीत नसे. ती ट्रंकेत लुगड्याच्या घडीत असे. वर्षातून एकदा, ११ मार्चला, नवी सुई लावून वाजवत असू. मी घडीतून काढायची आणि जालिंदर ग्रामोफोनला चावी द्यायचा.

जालिंदर रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कामास होता. तेथे टेपरेकॉर्डर स्पिरिटने पुसतात. घरच्या प्लॅस्टिकच्या तबकड्याही तो स्पिरिटने पुसत असे व त्या चांगल्या निघत. रविवार दिनांक ९ रोजी दुपारी मी पाण्याला गेले असता त्याने ट्रंक उघडून पतीची तबकडी स्पिरिटने पुसली. लाख स्पिरिटात विरघळते हे त्यास ठाऊक नव्हते. पतीने मला सांगितले होते. मी जालिंदरला सांगितले नव्हते.

मी आले तेव्हा फडके काळे झाले होते. तो म्हणाला, "वहिनी, लई मळ व्हता बगा." मी तबकडी लावली. सुई फिरली. खरखर ऐकू आली, दुसरे काही नाही.

घरात भांडण झाले काय, असे विचारल्यावरून सांगते की, भांडण झाले नाही. मी एक वाक्य बोलले. "दुसरी घिऊन ये, न्हाईतर मला तोंड दावू नको." सोमवारी मी त्याच्याशी बोलले नाही. ताट वाढून झाकून ठेवले होते, ते त्याने खाल्ले नाही.

मंगळवार दिनांक ११ रोजी सकाळच्या एस.टी.ने तो शिरूरला गेला. मला सांगून गेला नाही. पुढील हकीकत साहेबराव मातीला आले तेव्हा त्यांच्याकडून कळली. जालिंदरने त्यांच्याकडे त्यांची प्रत मागितली. ते म्हणाले, "तबकडी हाय, पर वरचा कागुद शेळीनं खाल्ला. तिला आता तुज्या भावाचं गाणं पाठ असंल." त्यावर जालिंदर हसला. मग त्याने तबकडी वाजवून पाहण्यास सांगितले. दोन्ही बाजू ऐकल्या. पाळणा दोनदा ऐकला. साहेबरावांनी ती धोतराच्या फडक्यात गुंडाळून पिशवीत घालून दिली व सांगितले, "काखंत धरू नगं, फुटंल. छातीशी उभी धर." घाई कशाला, जेवून जा, असेही म्हणाले. तो म्हणाला, "वहिनीनं आज नवी सुई काढून ठिवली असंल."

मी सुई काढून ठेवली नव्हती.

सायंकाळी पाच-चाळीसच्या सुमारास तो एस.टी. स्टँडकडून रूळ ओलांडून वस्तीकडे येत होता. पुलावरून लांब पडते म्हणून आम्ही सर्वजण रुळांवरूनच ये-जा करतो. डबे लावणाऱ्या इंजिनाचा धक्का लागून तो जागीच मयत झाला. तेथे कामावर असलेले गँगमन हौसराव मला म्हणाले, "बाई, पोरगं पार झालं व्हतं. पिशवी निसटली म्हणून मागं वळलं." पिशवीतील तबकडीचे तीन तुकडे पंचनाम्यात घेतले आहेत. ते मी ओळखले. माझा कोणावर संशय नाही. जालिंदरने जीव दिला नाही. तो घरी येत होता.

माझ्या सासूबाई सोजरबाई, वय अंदाजे ७० वर्षे, या दाराबाहेरच्या बाकावर बसल्या आहेत. जालिंदर भावाची आठवण म्हणून आपणहून शिरूरला गेला, असे त्या येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगतात. रविवारी मी ते वाक्य बोलले तेव्हा त्या घरी नव्हत्या. त्यांना कमी दिसते. ऐकू चांगले येते.

वरील मजकूर मी सांगितल्याप्रमाणे लिहिला आहे. मी बोललेले वाक्यही लिहिले आहे, ते खोडावे असे माझे म्हणणे नाही. मला वाचता येते. हा जबाब मोठ्याने वाचून दाखवू नये. कागद माझ्या हातात द्यावा, मी मनात वाचून सही करते. वाचून दाखवल्याशिवाय सही घेता येत नाही, असे हवालदारसाहेबांनी मला दोनदा सांगितले आहे. तरी विनंती आहे.