अंधाऱ्या खोलीतली बॅटरी

अरे, आमच्या सुमनवहिनीनं पुण्यात काय केलं ते ऐका. तिची प्रज्ञा तिथं जंतूंवर संशोधन करून राहिली. फोन केला की म्हणायची, "आई, अंधाऱ्या खोलीत हाये." वहिनीला वाटलं, आमच्या सेनगावासारखी तिथंबी लाईट जाते. चार्जिंगची बॅटरी घेऊन निघाली, सोबत मी. खोलीत शिरताच तिनं बॅटरी लावली.

"आई, बंद कर! सूक्ष्मदर्शकातून सकाळपासून ओळीनं निघणारे जंतूंचे फोटो उजेडानं वाया गेले!"

वहिनीचं तोंड एवढंसं झालं. पण पोरीनं तिला जवळ बसवलं अन् पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर जंतूच्या बरोबर मधोमध हिरवं कडं चमकलं.

"हे प्रथिनाचं कडं, आई. ते आवळलं की एका जंतूचे दोन होतात. ते थांबवता आलं, तर नवं औषध निघंल."

वहिनी पापणी न हलवता बघत राहिली. तेवढ्यात दार उघडून प्रज्ञाचे मोठे सर आले.

वहिनी खेकसली, "दार लावा आधी! लेकरू काम करून राहिलं, दिसत न्हाई का?"

सर गुपचूप मागं सरले. जरा वेळानं बाहेरूनच विचारलं, "आता येऊ का?"

वहिनी पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "कडं आवळू द्या, मग या."