आत कोणीतरी आहे

ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी नवरा-बायको बसले होते. त्याच्या मांडीवर लॅपटॉप, तिच्या अंगावर हिरवा गाऊन.

"अहो, अजून बंद नाही झाला तुमचा तो डेटाबेस?"

"कमांड कधीच दिलीय गं. पण आत कोणीतरी आहे. ते बाहेर पडेपर्यंत तो बंद होत नाही."

"मग हाकला की त्याला!"

"असं अर्ध्यात तोडू नये. बघतो कोण ते... अगं, मीच आहे! सकाळी घरच्या कॉम्प्युटरवरून शिरलो, तो तसाच."

"धन्य आहे! स्वतःचीच वाट बघत बसलाय."

"झाला बघ बंद."

"परत नीट सुरू होतो ना?"

"होतो गं. नेहमी होतो."

"चला बाई, आत," नर्स म्हणाली.

"अहो, हात सोडा की आता. त्या थांबल्यात."

"मी कधीच सोडलाय गं. तूच धरलायस."