डॉर्थीचा गुडघा

युटातल्या वाळवंटी उद्यानाच्या चौकीत नकाशांसाठी रांग लागली होती. म्हाताऱ्या ओडेलच्या पुढे नवरा, बायको आणि लेक असं एक कुटुंब उभं होतं. नवऱ्याचा आवाज अख्ख्या रांगेला पुरून उरत होता.

"उद्या लाल कड्यावर जायचं! सहा मैल, सगळा चढ!"

"व्हर्लिन, तिथे सावलीचं नाव नाही."

"वाळवंटात काय सावली शोधायला आलोय, डॉर्थी?"

"गेल्या वर्षी तूच शोधत होतास."

"मी निवडुंग बघत होतो."

"खाली बसून? डोळे मिटून?"

"बाबा, तुमच्या छातीचं ऑपरेशन होऊन सहा महिनेसुद्धा—"

"डॉक्टरांनीच चालायला सांगितलंय, टेस!"

"चालायला सांगितलंय, चढायला नाही."

"जाऊ दे गं. माझाच गुडघा धरलाय सकाळपासून. मला आपली ती घळीतली सपाट वाटच झेपेल."

"घ्या! हिच्या गुडघ्यापायी मला कड्यावर पाणी सोडावं लागतंय! थांब, गाडीतून काठी आणतो तुला."

तो दारापर्यंत गेला, चौकट धरून जरा थांबला आणि मग बाहेर पडला.

"आई, कुठला गुडघा गं?"

"तो काठी कुठल्या हातात देतो बघू. त्याच बाजूचा."

ओडेलने घसा खाकरला.

"बाई, काठी दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात धरतात. माझी बायको तिथेच पकडली गेली."